सगुणाबाईंचं नाक

माझ्या सासूबाई सगुणाबाई बोरीत दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहेत. एक त्यांचं येसर आणि दुसरा त्यांचा हट्ट. येसर म्हणजे गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, दगडफूल, मिरच्या असं सगळं भाजून दळलेला मसाला. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत येसराची आमटी बिघडली तर सोयरे पुढची दहा वर्षं ती आमटी विसरत नाहीत, नवरीला विसरतील. म्हणून लग्न ठरलं की लोक आधी सगुणाबाईंकडे यायचे, मग मंडपवाल्याकडे. वालूरचे लोक यायचे, जिंतूरचे यायचे. भीमजयंतीच्या पंगतीचं येसर तर त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी भाजायचं नाही, हा वस्तीचा कायदाच होता.

यंदा होळीच्या सुमारास शेजारच्या राजेश्रीचा मला परभणीला फोन आला. "वैनी, आदी घाबरू नका," असं म्हणून तिनं मला पुरतं घाबरवलं. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, गॅस तसाच चालू होता, घर वासानं भरलं होतं आणि सासूबाई त्याच स्वयंपाकघरात पाटावर बसून निवांत धने निवडत होत्या. राजेश्रीला तिच्या अंगणात वास आला म्हणून ती पळत गेली आणि तिनं बटण बंद केलं. "तर मलाच म्हनाल्या, एवढी का वरडायलीस? काकूला काईच कळंना झालंय, वैनी."

माझा नवरा सिद्धोधन तहसीलात कारकून आहे. (नवऱ्याचं नाव घेते म्हणून माझ्या माहेरच्या पेडगावच्या म्हाताऱ्या नाक मुरडतात. मुरडू द्या.) कागद हातात आला की शेरा मारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्यानं तिथल्या तिथं शेरा मारला, "मायचं डोकं गेलं."

पुरावेही त्याच्याकडे होते. मागच्या खेपेला तिनं त्याला नासक्या दुधाचा चहा दिला होता. करपलेली भाजी "चांगली झालीय, खा" म्हणून वाढली होती. पौर्णिमेला बुद्धवंदनेच्या वेळी अख्खा उदबत्तीचा पुडा एकदम पेटवून बसली होती, सगळे खोकून बेजार आणि ही शांत. सासरे गेल्यापासून ती एकटीच राहत होती. आता ते बंद, बोरीच्या घराला कुलूप लावायचं आणि मायला परभणीला आणायचं, असं त्यानं ठरवून टाकलं.

"मी येनार न्हाई," सासूबाई फोनवर म्हणाल्या. "माझं घर हितं हाय. तुमच्या त्या दुसऱ्या मजल्यावर मी काय कबुतरं मोजत बसू?"

खरं सांगते, मला त्यांची बाजू पटत होती. आमच्या घरात येऊन ही बाई सहा महिन्यांत वाळून गेली असती. सासरे सिताराम शाळेत शिपाई होते. त्यांच्या पगारात आणि हिच्या येसराच्या कमाईत दोघांनी एकेक भिंत करत ते घर उभं केलं होतं. अंगणातला कडुलिंब तिनं लावलेला, त्याच्याखालची चूल तिची. पण गॅस कोंडलेल्या घरात कुणी काडी ओढली असती तर काय झालं असतं, हा विचार आला की मलाही सिद्धोधनपुढे बोलता येईना.

मी नवी नवरी म्हणून त्या घरात आले तो पहिला उन्हाळा मला अजून लख्ख आठवतो. लिंबाखाली मोठी कढई चढलेली, वस्तीतल्या बायका आपापल्या मिरच्या घेऊन बसलेल्या, कुणी खोबरं किसतंय, कुणी ठसक्यानं डोळे पुसत हसतंय. मधोमध सगुणाबाई उलथनं घेऊन राणीसारख्या बसलेल्या. दगडफूल कढईत पडलं की दोन हात हलवून मान वर करायच्या, नाकपुड्या फुगवायच्या आणि म्हणायच्या, "उतरवा." एक क्षण अलीकडे नाही की पलीकडे नाही. मला त्यांनी त्या वर्षी कढईजवळ फिरकू दिलं नाही. "लांबून बघ," म्हणाल्या. मी लांबून बघितलं. असं वाटलं, आपल्याला हे जन्मात जमणार नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यापासून मात्र हाका सुरू झाल्या. "मनिषा, हिकडं ये. वास घे."

मी हातातलं पीठ झटकत जायची. वास घ्यायची. "भाजलं का?" त्या विचारायच्या. मी भीत भीत म्हणायची, "आजून थोडं." त्या "हं" म्हणायच्या आणि उलथनं चालवायच्या. पुन्हा हाक. "आता?" "आता झालं." "हं. उतरवा." बायका विचारायच्या, तर सांगायच्या, "सुनंला शिकवायलेय." शाबासकी नाही, काही नाही. वर्ष गेलं, दोन गेली, पाच गेली, पण माझं शिक्षण काही संपेना. दूध तापवलं की "बघ गं, नासलंय का." वरण शिजलं की "वास घेऊन सांग, लागलं का खाली." नासलं नाही हे दिसतंय, लागलं नाही हे कळतंय, तरी मलाच विचारायचं! आईकडे गेले की मी रडायची, "सासू न्हाई मिळाली मला, परीक्षा घेनारा मास्तर मिळालाय. रोज पेपर, निकाल कदीच न्हाई." माझा राग तसा नाकाच्या शेंड्यावरच असतो, आणि नेमक्या त्याच नाकाला ही बाई दिवसभर कामाला लावायची.

तरी आज ते दिवस आठवले की जीव गलबलतो. आता बायका मसाल्याचं पाकीट आणतात. लिंबाखाली कढई वर्षातून एकदा चढली तर चढली. त्या ठसक्यात, त्या धुरात माझी तरुणपणाची किती वर्षं गेली आणि ती चांगली गेली, हे मला तिथून उठून परभणीला आल्यावर कळलं.

असो. आमची मुलगी धम्मशीला परभणीच्या मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. तिची प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली होती. सिद्धोधननं तिला फर्मावलं, "रविवारी आपन बोरीला जायलोत. आजीचं डोकं तपास."

"बाबा, मला डोकं तपासता येत नाही," ती म्हणाली. "मला फक्त क्रेनियल नर्व्हज येतात. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसा, बारा जोड्या. वास, नजर, चेहरा, कान, गिळणं, जीभ, सगळं त्यांच्यावर चालतं."

"तेच कर. कुटं तरी बिघाड सापडंल."

रविवारी गेलो. मी गेल्या गेल्या सवयीनं स्वयंपाकघर आवरायला घेतलं. हिंगाच्या पिवळ्या डबीत हिंगाचा दगड झाला होता. तो टाकला, डबी धुऊन पुसली आणि कागदाच्या पुडीत सांडत असलेला खायचा सोडा तिच्यात भरला. तोवर बाहेर ओट्यावर धम्मशीलानं टॉर्च, कापूस, ठोकल्यावर घुमणारा लोखंडी चिमटा असं सगळं मांडलं होतं. सासूबाई नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. नात डॉक्टर होणार याचा आनंद होताच, पण ही तपासणी कशासाठी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आज पास झाल्या तर घर राहणार होतं, नापास झाल्या तर कुलूप.

"आजी, डोळे मीट. एक नाकपुडी दाब. कशाचा वास येतो सांग." धम्मशीलानं कॉलेजातून आणलेली छोटी बाटली नाकाखाली धरली.

सासूबाईंनी जोरात श्वास ओढला. "न्हाई वळखू येत."

मी वास घेतला, तर कॉफी. धम्मशीला हसली. "आजीनं जन्मात कॉफी प्यायलेली नाही. हे चुकीचं धरायचं नसतं. सर म्हणतात, पेशंटच्या ओळखीची वस्तू घ्या." ती आत पळाली आणि हाताला येतील त्या डब्या घेऊन आली. लवंगांची काचेची बाटली उघडली. "लवंग." ओव्याचा स्टीलचा डबा उघडला. "ववा." पिवळी डबी उघडली, टक्कन आवाज झाला. "हिंग. आता काय अख्खी फोडनी वळखू का?"

"फर्स्ट नर्व्ह नॉर्मल!" नात आनंदानं ओरडली. मी तेव्हा चुलीवर चहा ठेवत होते. कानावर पडलं, डोक्यात शिरलं नाही.

मग मात्र जी करमणूक झाली ती सांगायलाच हवी. बोटामागं डोळे फिरवून झाले, गालांना कापूस लावून झाला, आणि नात म्हणाली, "आजी, भुवया उडव."

"कुनाला?"

"कुणाला नाही, नुसत्या उडव. हं. आता गाल फुगव. आता दात दाखव मला. आता खांदे उडव, मी दाबते, तू जोर लाव. आणि आता जीभ काढ बाहेर."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "ह्यी कसली तपासनी गं? ज्या ज्या गोष्टीसाठी माझ्या सासूनं मला मार दिला, त्या समद्या एका दमात करायला लावायलीस व्हय?" आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मनिषा, तू बी काढ जीभ. लय वर्साची हौस आसंल." मी खरंच काढली. सिद्धोधनसुद्धा हसला. सासूबाईंची जीभ सरळ निघाली, चेहरा दोन्हीकडे सारखा, कान तिखट, आ केल्यावर पडजीभ मधोमध. बिघाड कुठेच नाही.

"पास!" धम्मशीला म्हणाली.

सिद्धोधनचं हसू मावळलं. "म्हंजे नाक चांगलं हाय?"

"एकदम."

"मग गॅसचा वास आला आसंल ना तिला? वास येऊन बी ती बसून राह्यली. म्हंजे डोकंच गेलंय." तो आईकडे न बघता म्हणाला, "सामान बांदा. आजच कुलूप लावू."

ज्या बाईनं आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नाही, ती खाली मान घालून लुगड्याच्या काठावरून बोट फिरवत बसली. मला ते बघवेना. मी डब्या उचलून आत ठेवायला गेले, आणि पिवळी डबी हातात आल्यावर थांबले. तिच्यात तर मी सकाळी सोडा भरला होता. सोड्याला कसला आलाय वास?

पोरीनं डबीवरचं नाव वाचलं होतं आणि म्हातारीनं झाकणाचा आवाज ऐकला होता. वास कुणीच घेतला नव्हता.

मी सासूबाईंना पाणी द्यायच्या निमित्तानं आत बोलावलं. हळूच म्हणाले, "आत्याबाई, पिवळ्या डबीत हिंग नव्हता. सोडा होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. मग पाटावर बसल्या.

"कवापासनं?" मी विचारलं.

"माळवदावर मिरच्या घालताना शिडीवरून पडले ना मी? तुज्या लग्नाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात. मागच्या मागं डोकं आपटलं. टाके पडले, जखम भरली. वास काई परत आला न्हाई. आज यील, उद्या यील म्हनून वाट बघितली."

दुसरा उन्हाळा. मला एकदम सगळ्या हाका ऐकू आल्या. हिकडं ये, वास घे. बघ गं, नासलंय का. आम्ही परभणीला गेलो, सासरेही गेले, मग ती हाक मारायला कुणी उरलं नाही, म्हणून नासकं दूध, म्हणून करपलेली भाजी, म्हणून अख्खा उदबत्तीचा पुडा.

मला दया नंतर आली, आधी राग आला. "आन मला सांगायला काय झालं होतं? इतकी वर्सं मला वाटायलंय तुमी माझी परीक्षा घ्यायलाव!"

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "कुनाला सांगू? बाईचं नाक गेलं म्हनलं की लोक आदी हसत्यात, मग इचारत्यात. आन नाक गेलेल्या बाईच्या हातचं येसर कोन घेईल? सिद्धू तवा शिकत होता, त्याची फी त्यातनं जायची. तुला सांगितलं आस्तं तर तू भ्याली आस्तीस. आपल्या एकटीच्या नाकावर लोकांची लग्नं हायत म्हनल्यावर तुजा हात थरथरला आस्ता. तुला वाटायचं सासू तपासायलीय, म्हनून तू नीट वास घ्यायचीस." मग म्हणाल्या, "एक डाव बी चुकली न्हाईस."

वीस वर्षांनी निकाल लागला होता. मी त्यांच्या शेजारी पाटाजवळ जमिनीवरच बसले. वालूरची लग्नं, जिंतूरची लग्नं, जयंतीच्या पंगती, त्या सगळ्या येसराला माझं नाक होतं, आणि मला ते माहीत नव्हतं. मला इतका आनंद झाला आणि इतका संताप आला की दोन्हींत काय आधी बोलावं ते कळेना.

"हे बाहेर सांगावं लागंल," मी म्हणाले.

"सांगू नको. नाक गेलंय कळल्यावर तर न्हेलंच तो."

"न्हाई सांगितलं तर डोकं गेलंय म्हनून न्हेनार हाय."

त्यांनी यावर बराच विचार केला. "चल," म्हणाल्या, "नाक गेलेलं बरं."

बाहेर येऊन त्यांनी स्वतःच सांगितलं, एका दमात, उभ्या उभ्याच. धम्मशीला आधी खजील झाली, मग तिनं पुन्हा तपासलं. या वेळी मी वाटीत काढून दिलेल्या वस्तू, ना डबा, ना झाकण. लवंग कळली नाही, ओवा कळला नाही, खुद्द येसर नाकाशी धरलं तरी त्या नुसत्या थांबून राहिल्या. "नाकाच्या वरच्या बाजूला हाडाची एक चाळणी असते," पोर आम्हाला समजावू लागली. "वासाचे बारीक धागे तिच्यातून वर मेंदूत जातात. डोकं मागून जोरात आपटलं तर ते धागे तुटतात. इतक्या वर्षांनी परत जुळणार नाहीत."

"मग मिरच्या भाजताना ठसका कसा लागायचा हिला?" सिद्धोधननं उलटतपासणी घेतली. "आमच्याइतकाच लागायचा की."

"झोंबणं ही वेगळी नस आहे, बाबा. पाचवी. ती शाबूत आहे. म्हणूनच तर कुणाला कळलं नाही."

माझा अंदाज होता तसंच सिद्धोधन शेवटी म्हणाला, "तरी बी. गॅस कळत न्हाई तर एकटं कसं ठिवायचं?"

सासूबाई आता सरळ बसल्या होत्या. "पोरगी काय म्हनली? डोकं जाग्यावर हाय म्हनली ना? मग ज्याचं डोकं त्याचा इचार. गॅस धोक्याचा हाय तर गॅस घराभाईर काढ. मला कशाला काढायलास?"

त्यानं शेरा मारायच्या आत धम्मशीला म्हणाली की विजेची शेगडी आणू, तिच्यात जाळही नाही आणि गॅसही नाही. बोलणं ऐकून शेजारून आलेली राजेश्री म्हणाली की दूध, वरण रोज सकाळी मी येऊन हुंगून जाईन, काकूंनी मला येसर शिकवावं. सिद्धोधननं आणखी थोडी कुरकुर केली, मग राजेश्रीचा नवरा भुजंग याला हाक मारली आणि दोघं मिळून सिलिंडर बाहेर काढून गाडीत ठेवायला गेले. त्यानं आणलेलं कुलूप पिशवीतच राहिलं.

आम्ही दोघी ओट्यावर बसलो. लिंबाला मोहोर आला होता, त्याचा वास सगळ्या अंगणात होता. धम्मशीला आत खाटेवर पुस्तक तोंडावर घेऊन झोपली होती. सासूबाई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या.

"मनिषा, एक इचारू का? कदीचं इचारायचं होतं."

"इचारा की."

"सिद्धू झाला तवाचा त्याच्या टाळूचा वास मला आजून आठवतो. दुदाचा, वेखंडाचा. धम्मी झाली तवा मी पडून वरीस झालं होतं. तिला घेतलं की मी टाळूला नाक लावायची. लय डाव लावलं. कायच यायचं न्हाई. कुनाला इचारावं, आन काय म्हनून इचारावं?" त्या माझ्याकडे वळल्या. "तिच्या टाळूला वास कसा यायचा गं?"

मला रडू फुटलं आणि मी ते आवरलं नाही.

"तुमचा यायचा," मी म्हणाले.

"माझा?"

"दिवसभर तुमच्याच मांडीवर आसायची. मी पाजायला जवळ घेतलं की तिच्या टाळूला तुमच्या पदराचा वास. मला लय राग यायचा, आत्याबाई. लेकरू माझं, आन वास सासूचा."

त्या हसल्या. मग पदराचं टोक उचलून त्यांनी नाकाला लावलं, डोळे मिटले, जोरात श्वास ओढला आणि तसाच धरून ठेवला.

"आन ह्यो कसा हाय?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या हातातून पदर घेतला आणि वास घेतला. नीट घेतला.

"चांगला हाय," मी म्हणाले. "लय चांगला हाय."